बटनं

सेलूला, स्टेशन रोडवर, रसवंतीच्या बाजूला
चार बाय सहाचं माझं दुकान.
जुना फोन घेताना मी आधी त्याचा वास घेतो.
पाण्यात पडलेला, कितीही पुसा,
कानाच्या जाळीतून सांगतोच.

हा कोरडा होता.
परभणीच्या कुण्या औषधवाल्यानं कंटाळून विकलेला.
स्क्रीन बाजूला ढकलली की खालून बटनांच्या ओळी,
तिजोरीचा चोरखण निघावा तशा.
वहीत मी मांडलं होतं:
कॅमेरा उन्हात बरा, घरात सगळ्यांची भुतं.
टच म्हणजे बोट दाबून धरा, मग तो विचार करणार.
बॅटरी लोडशेडिंगला पुरायची नाही.
स्पीकर फाटका, सातशे कमी.
आतली पट्टी मात्र शाबूत,
हे फोन मरतात ते त्या पट्टीनं.
बत्तीसशे.

गंगासागर आली जानेवारीत, आईला घेऊन.
मानवतच्या जिनिंगमध्ये गाठी मोजते.
तिथं मशीन चालू झालं की सगळेच बहिरे,
हिच्यासाठी काही बदलत नाही.
मालक आता आकडे मेसेजवर मागायलाय.
आई स्टुलावर टेकली, म्हणाली,
"पानी हाय का रं बाबा?"
अझरनं जार वाकडा केला.

ती फोन उघडायची, मिटायची.
साठपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं.
मग जबड्याला लावून उघडला.
जे 'खट्' मी ऐकत होतो
ते ती हाडात घेत होती.
डोळे मिटून बटनांवर बोटं फिरवली,
एफ आणि जेवर थांबली.
तिथं बारीक टेंगळं असतात.
इतकी वर्षं फोन खोलायलो,
कशाला असतात, कधी विचारलं नव्हतं.

सवयीनं मी मोठ्यानं म्हणालो,
"स्पीकर फाटका हाय, ताई."
आणि गप्प झालो.
आई म्हणाली, "तिला काय करायचं स्पीकरचं.
सातशे तं कमी झालेच, आनखी कर."

मग तिनं पावतीच्या मागं लिहिलं,
अक्षर छापल्यासारखं:
'ण कुठे आहे?'

इंग्रजी बटनं. मराठी दिसतच नाही यात,
चौकोन येतात नुसते.
मी एनवर बोट ठेवलं.
'हा तर न.'
मी लिहिलं: 'दोन्ही हाच.'
तिनं पी, ए, एन, आय दाबलं.
बघत राहिली.
'हे पाणी की पानी?'

काय सांगावं.
ण मला मास्तरांनी हातात बसवला,
तोंडात काही बसला नाही.
मी लिहिलं: 'आम्ही सगळे पानीच म्हणतो.'

'सगळे?'

'सगळे. तुझी आई पण.
आत्ताच म्हणली.'

ती आईकडे वळली.
आई घोटभर पिऊन उरलेलं
पायावर ओतून घेत होती.
एकोणतीस वर्षं हिनं पुस्तकातली भाषा लिहिली,
एकाही काना-मात्रेत चूक नाही,
आणि घरात रोज समोर
दुसरीच चालली होती.

ती हसली. आवाज निघाला,
रस्त्यावरचे दोघं वळून बघायले.
आईनं मला विचारलं, "काय म्हणली रं?"
मी म्हणालो, "काही नाही, मावशी.
तुमचं बोलनं कळलं तिला."
मावशीला ते पटलं नाही.
"बोलनं? मी कुठं काय बोलले?"

अठ्ठावीसशेला दिला.
कव्हर फुकट. ते तसंही बसत नव्हतं.

एप्रिलमध्ये, रात्री दहाला, लाईट गेलेली,
मेसेज आला. इंग्रजी अक्षरात मराठी,
वाचायला तोंड हलवावं लागतं:
'एल बसला.
ल आणि ळ दोन्ही तोच उचलतो, म्हणून असेल.
एन अजून चांगला आहे.
आई विचारते पैसे किती.'

मोबाईलच्याच उजेडात मी वही काढली,
तिच्या फोनचं पान उघडलं.
किती लावावेत, ठरत नव्हतं.